स्लॅबचा पंप भाड्यानं घेण्याआधी

आपल्या बांधकामाच्या बोलीत ‘स्लॅब पडला’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. काम चालू असलेल्या जागेवर कोणी म्हणालं, ‘काल तिसरा स्लॅब पडला’, तर ती पेढे वाटायची वेळ असते. तेच शब्द एखाद्या राहत्या इमारतीबद्दल कानांवर आले, तर अंगावर काटा येतो. स्लॅब भरायच्या चार-सहा तासांत जे घडतं, त्यावर पुढं दुसऱ्या अर्थाची वेळ येणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं. अलीकडे त्या चार-सहा तासांत मुख्य काम असतं ते काँक्रीटच्या पंपाचं, आणि हा पंप बहुतेक वेळा भाड्याचा असतो. तो कसा निवडावा, ठरवताना काय विचारावं आणि तो चालू असताना कशाकडे लक्ष ठेवावं, याबद्दल आज बोलू. हा विषय फक्त इंजिनीअर-ठेकेदारांचा नाही. बंगला बांधणारा मालक आणि पुनर्विकासावर लक्ष ठेवणारी सोसायटीची कमिटी यांनाही तो माहीत हवा.

वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचं काम १९९० मध्ये सिडकोकडे आलं. ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा. या काळात चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. पायाडावर माणसांची रांग लावून हातोहात घमेली चढवायची रीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत चालते. चौदाव्या मजल्यावर माल न्यायचा, तर पंपाला पर्याय नाही.

हे यंत्र तसं नवं नाही. जर्मनीत माक्स गीझे आणि फ्रिट्झ हुल यांनी १९२७ मध्ये काँक्रीटचा पंप चालवून दाखवला होता. दुबईच्या बुर्ज खलिफाचं काम चालू असताना २००८ मध्ये काँक्रीट एका दमात ६०६ मीटर उंच चढवलं गेलं. आज असे पंप आपल्याकडे गोव्यात वेर्ण्याला आणि पुण्याजवळ चाकणलाही तयार होतात.

पंपाची रचना समजायला सोपी आहे. मिक्सरची गाडी मागच्या हॉपरमध्ये माल ओतते. आत दोन नळकांडी असतात. एक माल ओढून घेतं, तेव्हा दुसरं तो नळीत ढकलतं. मग कामांची अदलाबदल होते. घरच्या चकलीच्या सोऱ्यासारखंच हे आहे. पीठ घट्ट असलं, तर दांडा रेटत नाही. फार सैल असलं, तर चकली नीट पडते, पण तेलात विरघळते. काँक्रीटचंही तसंच. खडी-रेती-सिमेंटचं प्रमाण जुळलेलं असेल, तर सिमेंटचा पातळ थर नळीला आतून वंगणासारखा लागतो आणि मधला माल त्यावरून सरकत जातो. प्रमाण बिघडलं, तर नळी तुंबते. हे प्रमाण मळणीच्या प्लँटवर ठरतं, साईटवर नाही. म्हणून माल मागवतानाच ‘पंपानं टाकायचा आहे’ हे सांगावं लागतं.

पंपाचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे मिळतात. पहिला चाकांवर ओढून आणायचा स्थिर पंप. तो खाली एका जागी उभा राहतो आणि त्याच्यापासून वरच्या मजल्यापर्यंत लोखंडी नळ्या जोडत न्याव्या लागतात. उंच इमारतीला आणि अरुंद गल्लीतल्या कामाला हा सोयीचा, पण नळ्या जोडायला-सोडायला माणसं आणि वेळ लागतो. दुसरा बूम पंप. ट्रकवर बसवलेला घडीचा लांब हात, त्याच्या टोकाला रबरी नळी. येतो, पाय रोवतो, हात पसरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात कामाला लागतो. पाया, जोतं, पहिले काही मजले, मोठी राफ्ट यांना हा उत्तम. ‘३६ मीटरचा बूम’ म्हणजे जमिनीपासून सरळ वर ३६ मीटर. आडवी पोच त्याहून चारेक मीटरनं कमी असते. त्यात गाडी इमारतीपासून जितकी लांब उभी राहील, तितकी पोच आणखी घटते.

निवड करताना चार गोष्टी कागदावर मांडा. माल किती, उंची आणि अंतर किती, यंत्र उभं कुठं राहणार आणि गाड्या येणार कशा.

मालाचा हिशेब पाहू. २००० चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे २३.६ घनमीटर काँक्रीट. बीम धरून ३० घनमीटर समजा. खडी-रेती ब्रासमध्ये मोजायची सवय असेल, तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. मिक्सरची एक गाडी साधारण ६ घनमीटर आणते, म्हणजे पाच गाड्या. पंपाच्या पाटीवर ‘तासाला ३० घनमीटर’ लिहिलेलं असलं, तरी गाड्या बदलणं, नळी हलवणं, व्हायब्रेटर फिरवणं धरता निम्मा वेग धरावा. नळीत अडकणारा मालही मोजा. १२५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरमागे सुमारे १२ लिटर काँक्रीट मावतं. ६० मीटर नळीत पाऊण घनमीटर. हा हिशेब विसरला, की शेवटी कोपऱ्यातला तुकडा भरायचा राहतो आणि नव्या-जुन्या काँक्रीटमध्ये सांधा पडतो. उलट काम आठ-दहा घनमीटरचंच आणि तळमजल्यावर असेल, तर साधा मिक्सर आणि मालाची लिफ्ट स्वस्त पडते का, हेही पाहावं.

उंचीचा हिशेब दाबाचा आहे. काँक्रीट उभं चढवायला नुसत्या वजनापोटी मीटरमागे सुमारे पाव बार दाब लागतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. ६० मीटरच्या इमारतीला नुसत्या वजनाचेच १५ बार झाले. नळीतलं घर्षण आणि वळणं यांचा दाब वेगळा. प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे आणखी काही मीटर नळी धरावी लागते. माहितीपत्रकातला सर्वांत जास्त दाब आणि सर्वांत जास्त वेग एकाच वेळी मिळत नसतात. एक वाढला की दुसरा घटतो. म्हणून ‘पंप किती मोठा?’ एवढंच विचारू नका. ‘आमच्या उंचीला, इतक्या नळीवर, इतक्या वळणांनंतर तासाला किती माल देईल?’ असं विचारा. खडीचं मापही सांगा. फोडलेल्या खडीचा सर्वांत मोठा तुकडा नळीच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नको, असा ठोकताळा आहे.

आता जागा. आपल्याकडे खाजण, मिठागरांलगतच्या जमिनी आणि भराव टाकून उंचावलेले प्लॉट पुष्कळ. बूम पंपाचा सगळा भार त्याच्या चार पायांवर येतो आणि हात एका बाजूला पसरला, की त्या बाजूच्या पायावर अनेक टनांचा बोजा पडतो. वरून कडक दिसणारा भराव पावसाळ्यात आतून भुसभुशीत असतो. पायांखाली जाड लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेटा हव्यातच. पायासाठी खणलेल्या खड्ड्यापासून निदान त्याच्या खोलीइतकं अंतर ठेवा. भरावाची जमीन असेल तर दुप्पट. गटाराच्या झाकणावर आणि सेप्टिक टँकवर पाय येणार नाही, हे आधी बघा.

दुसरा धोका डोक्यावरचा. गावठाणांत विजेच्या उघड्या तारा रस्त्यावरून जातात. बूम लोखंडी आहे आणि त्याचं टोक चालकापासून बरंच लांब असतं. उच्च दाबाच्या तारेला तो टेकायचीही गरज नसते. फार जवळ गेला तरी वीज उडी घेते. तारा जवळ असतील, तर महावितरणकडे आधी अर्ज करून पुरवठा बंद ठेवण्याची वेळ ठरवून घ्या, नाहीतर स्थिर पंप घ्या. ‘सांभाळून करू’ हे उत्तर पुरेसं नाही.

गाड्यांचा प्रश्नही इथं खास आहे. रेल्वेनं शहराचे दोन भाग केले आहेत आणि पूर्व-पश्चिम जोडणारे उड्डाणपूल मोजकेच आहेत. माल महामार्गाकडून येणार असेल आणि काम पश्चिमेला असेल, तर गाडी पुलावर अडकते. २०२४ मध्ये महामार्गाच्या काँक्रिटीकरणाच्या काळात किती कोंडी व्हायची, हे सगळ्यांनी भोगलं आहे. तयार काँक्रीटच्या मानकानुसार, म्हणजे आयएस ४९२६ नुसार, प्लँटवर भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. म्हणून पहाटेची वेळ धरा, अवजड वाहनांच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून समजून घ्या आणि प्रत्येक चलनावरची भरण्याची वेळ वाचा.

भाडं ठरवताना दर एकच आकडा नसतो. कुणी घनमीटरवर घेतो, कुणी दिवसावर, कुणी महिन्यावर. किमान किती घनमीटरचे पैसे द्यावे लागतील? नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? डिझेल, चालक, नळ्या जोडणारी माणसं दरात धरली आहेत का? किती मीटर नळी मिळणार? गाड्या उशिरा आल्या, तर थांबून राहिल्याचे पैसे किती? जीएसटी धरून की वेगळा? आणि सर्वांत महत्त्वाचं, पंप मधेच बंद पडला तर दुसरा किती वेळात येईल? ही उत्तरं लेखी घ्या. गाडीची फिटनेस, विमा, चालकाचा परवाना पाहा. नळ्यांच्या जोडांचे क्लँप आणि त्यांच्या पिना स्वतः बघा. झिजून पातळ झालेली नळी दाबाखाली फुटते. स्वस्तातल्या पंपाची काटकसर बहुधा इथंच केलेली असते.

आता या विषयातला सर्वांत नाजूक मुद्दा, पाण्याचा. माल घट्ट वाटला, पंप कुरकुरला, की साईटवरून आवाज येतो, ‘जरा पाणी मार’. गाडीच्या ड्रममध्ये पाण्याची नळी सुटते, माल सळसळत वर जातो, सगळे खूश होतात. हिशेब काय सांगतो? एका घनमीटरमध्ये ३६० किलो सिमेंट आणि १६२ लिटर पाणी असेल, तर प्रमाण ०.४५ पडतं. सहा घनमीटरच्या गाडीत २०० लिटरचं एक पिंप ओतलं, की घनमीटरमागे ३३ लिटर वाढले आणि प्रमाण ०.५४ झालं. किनाऱ्याच्या हवेला तोंड देणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक किमान एम-३० दर्जा आणि जास्तीत जास्त ०.४५ प्रमाण सांगतं. म्हणजे पैसे एम-३० चे मोजले आणि हातात आलं त्याहून हलकं काँक्रीट. जादा पाणी पुढं उडून जातं आणि मागं बारीक छिद्रं ठेवतं. त्यांतून खारी हवा आत शिरते, सळ्या गंजतात, फुगतात आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडू लागतात. त्यात ते पाणी मचूळ विहिरीचं किंवा टँकरचं असेल, तर मीठ आपणच आत घातलं. माल घट्ट आला, तर प्लँटच्या माणसाला बोलवा. तो मोजून रसायन घालून माल सैल करू शकतो. ते जमत नसेल, तर गाडी परत पाठवा.

याची पडताळणी अवघड नाही. गाडी आली, की घसरण तपासा. शंकूचा साचा आणि फूटपट्टी पुरते. पंपासाठी मानकात ७५ ते १०० मिलिमीटर घसरण दिली आहे. रसायन घातलेल्या काँक्रीटची याहून जास्तही असते. ती प्लँटकडून आधी लिहून घ्या, म्हणजे वाद होत नाही. चाचणीचे ठोकळे साईटवरच भरा. ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ ठोकळे आणि २८ दिवसांनी त्यांची चाचणी. नळी ओली करायला पहिल्यांदा जो सिमेंटचा पातळ गाळ सोडतात, तो स्लॅबमध्ये किंवा कॉलमच्या तळाशी जाऊ देऊ नका. बाहेर काढायला लावा.

पंपामुळं काम झपाट्यानं होतं, पण सेंटरिंगला तो झपाटा सोसला पाहिजे. प्रत्येक धक्क्यानिशी नळी हादरते, म्हणून ती टेकूंना किंवा पायाडाला बांधू नये. तिला वेगळा आधार हवा. एकाच जागी मालाचा ढीग करू नये. स्लॅबखाली कोणी थांबू नये. नळी तुंबली, तर दाब उतरवल्याशिवाय क्लँप उघडू नये आणि हवेनं नळी साफ करताना तिच्या तोंडासमोर कोणी उभं राहू नये. पाहायला जमलेल्या मुलांना तर फाटकाबाहेरच ठेवा.

काम संपलं, की पंप धुतात. ते सिमेंटचं पाणी गटारात सोडलं, की तिथंच घट्ट होतं. जुलै २०१८ मध्ये आपलं शहर कित्येक दिवस पाण्यात होतं. गटारं आपणच बुजवायची नसतील, तर आवारात खड्डा खणून धुण्याचं पाणी त्यात घ्या आणि गाळ सुकल्यावर उचला.

मंडळी, ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसं गेली. ती इमारत अनधिकृत होती. तेव्हा पंप ठरवण्याआधी महापालिकेची परवानगी, मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही पाहा. चांगल्या पंपानं चांगलं काँक्रीट टाकून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. आणि सगळं रीतसर झालं, तरी पंप गेल्यावर काम संपत नाही. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस स्लॅब ओला ठेवा आणि इंजिनीअरनं सांगितल्याखेरीज टेकू काढू नका.