विटमरांची वाडी

असिलो दे ला पाझच्या झऱ्याची धार माझ्या करंगळीएवढीही नव्हती. शेवाळलेल्या कातळातून पाणी पाझरत होतं आणि थेंब थेंब जमून खाली उतरत होतं. मी ओंजळ धरली. ती भरायला बराच वेळ लागला. बरोबरची मंडळी कासवं बघायला पुढे निघून गेली, वाटाड्या हाका मारत राहिला, पण माझा पाय तिथून निघेना. वीस वर्षं ज्या पाण्याबद्दल वाचत आलो, ते हे पाणी. याच पाण्याच्या भरवशावर एका बाईनं १९३२ साली इथे संसार मांडला आणि २००० साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, याच बेटावर डोळे मिटले.

तिचं नाव मार्ग्रेट विटमर. बेटाचं नाव फ्लोरेआना. गॅलापागोस द्वीपसमूहातलं हे एक बेट.

मला या बेटाचं वेड लागलं ते पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मार्ग्रेटच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद मिळाला तेव्हा. मुखपृष्ठ गेलेलं, पानं पिवळी. घरी येऊन उभ्यानंच वाचायला लागलो. त्यात ही जर्मन बाई रानडुकरांपासून बाग कशी राखायची, याच्या काळजीत होती. मला एकदम गुहागरकडच्या आजोळची आजी आठवली. तीही आयुष्यभर याच एका काळजीत होती. त्या दिवसापासून फ्लोरेआनाबद्दल मिळेल ते जमवत गेलो, आणि शेवटी स्वतः जाऊन आलो.

आधी थोडा भूगोल-इतिहास उरकतो. गॅलापागोस बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर पश्चिमेला, ज्वालामुखीतून वर आलेली. फ्लोरेआनाचा विस्तार सुमारे १७३ चौरस किलोमीटर. १८३२ साली इक्वेडोरनं बेटं ताब्यात घेतली आणि जनरल व्हियामिल यानं फ्लोरेआनावर वसाहत केली. सप्टेंबर १८३५ मध्ये डार्विन इथे उतरला, तेव्हा दोन-तीनशे माणसं डोंगरावर रताळी आणि केळी पिकवून राहत होती. पुढे वसाहत मोडली. माणसं गेली, त्यांची डुकरं, गुरं, गाढवं आणि लिंबा-संत्र्यांची झाडं मागे राहिली. इतिहास एवढा पुरे, कारण पुढची सगळी गोष्ट या मागे राहिलेल्या जनावरांशी आणि झाडांशीच जुळलेली आहे.

हाइन्झ विटमर हा कोलोनचा. तिथले महापौर कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले, त्यांच्या कार्यालयात तो होता. हाइन्झचा आधीचा मुलगा हॅरी तब्येतीनं नाजूक, नजरही अधू. मुलाला मोकळी हवा हवी, जर्मनीत मंदी, राजकारणाचं वारं बिघडलेलं. त्यातच डॉ. फ्रीडरिश रिटर आणि डोरे श्ट्राउख ही जोडी १९२९ पासून फ्लोरेआनावर राहते आहे, अशा बातम्या वर्तमानपत्रांत झळकत होत्या. हाइन्झ आणि मार्ग्रेटनं ठरवलं, आपणही जायचं. ऑगस्ट १९३२ अखेर तिघं फ्लोरेआनाला उतरली तेव्हा मार्ग्रेटला पाचवा महिना होता.

किनाऱ्यावर गोडं पाणी नाही, काळा कातळ आणि काटेरी झुडपं. पाणी आणि माती वर डोंगरात. म्हणजे आणलेली प्रत्येक वस्तू, भांडी, अवजारं, बियाणं, अंथरूण-पांघरूण, त्या वाटेनं वर चढवायची. मी तो चढ लाकडी बाकांच्या उघड्या गाडीतून गेलो. तरीही वर पोहोचेपर्यंत एक गोष्ट मनात घट्ट बसली: खाली ऊन रखरखत होतं आणि वर धुकं. जून ते डिसेंबर इथे 'गारुआ' नावाची बारीक भुरभुर असते. पाऊस म्हणावा तर भिजवत नाही आणि नाही म्हणावं तर अंगावरचा कपडा ओलसरच. विषुववृत्ताला इतकं लागून असलेल्या बेटावर मी स्वेटर शोधत होतो. दक्षिणेकडून येणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहाच्या थंड पाण्याचा हा प्रताप.

वर चाच्यांच्या गुहा आहेत. मऊ खडकात कोरलेल्या. त्यातल्या एकीत मी वाकून शिरलो. भिंतीत कोरलेली बसायची जागा, आणि एका बाजूला चुलाणासारखी खोबण. मी त्या खोबणीवरून हात फिरवला. काजळी कुणाची, चाच्यांची, विटमरांची की परवाच्या एखाद्या सहलवाल्याची, हे कोण सांगणार! पण विटमरांनी याच गुहांत बिऱ्हाड केलं आणि बाहेर ओंडक्यांचं घर बांधायला घेतलं. घर पुरं व्हायच्या आत २ जानेवारी १९३३ ला मार्ग्रेट गुहेतच बाळंत झाली. सुईण नाही, शेजारीण नाही. डॉ. रिटर हाकेच्या नव्हे, पण चालत जाण्याच्या अंतरावर होता. आपण इथे डॉक्टरकी करायला आलेलो नाही, असा त्याचा आधीपासूनचा सूर. तरी वार पडेना तेव्हा तो आला आणि त्यानं तिला वाचवलं, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. मुलाचं नाव रॉल्फ. फ्लोरेआनावर जन्मलेला हा पहिला माणूस, असं सगळीकडे छापलेलं आढळतं. मला ते पटत नाही. १८३५ साली दोन-तीनशे माणसांची वस्ती होती, तिथे पाळणा हलला नसेल कसा? 'नोंद असलेला पहिला' एवढंच म्हणावं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. कुंपण.

बेटावर जगायचं म्हटलं की लोकांना मासेमारी, शिकार, वादळ असलं काही सुचतं. विटमरांच्या आयुष्यातला खरा प्रश्न कुंपणाचा होता. मऊ काळी माती, वरून भुरभुर, बी टाकलं की उगवतं. पण उगवलेलं घरात येईपर्यंत टिकायचं कसं? शंभर वर्षांपूर्वी मोकाट सुटलेल्या डुकरांची आणि गुरांची रानात पैदास झालेली. त्यांना कोवळी भाजी म्हणजे मेजवानी. एका रात्रीत महिन्यांचे कष्ट जमिनीत तुडवले जायचे. कोकणात ज्यानं वाडी राखली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. आमच्या आजोळी रात्री डुकरं शिरली की सगळं घर उठून डबे वाजवायचं, आणि सकाळी आजोबा सुरणाच्या उखडलेल्या वाफ्यापाशी गप्प उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचायचे. गडगा एकदा बांधून संपत नाही, तो जन्मभर बांधत राहावा लागतो.

हाइन्झ तेच करत राहिला. झाडं तोडायची, कुंपण घालायचं, मोडलं की दुरुस्त करायचं. आणि जे जनावर बागेचं वैरी, तेच ताटातलं अन्न! डुक्कर मारलं की मांसही आलं आणि चरबीही. व्हियामिलच्या माणसांनी लावलेली लिंबं, संत्री रानभर पसरली होती, त्यांचा रस, त्यांचा मुरंबा. कुठल्यातरी विसरलेल्या माणसानं लावलेलं झाड शंभर वर्षांनी एका गरोदर बाईच्या तोंडाला चव आणतं, यात मला विलक्षण आनंद वाटतो. आमच्या वाडीतला रायवळ आंबा पणज्यानं लावला म्हणतात. त्याला तरी कुठे ठाऊक होतं, की त्याखाली मी पुस्तक वाचत बसणार आहे!

पोरांसाठी हे बेट म्हणजे शाळा होती, कारण दुसरी शाळाच नव्हती. अक्षरं आईनं घरी शिकवायची, बाकीचं रानानं. रॉल्फच्या पाठीवर १९३७ साली बहीण आली, इंगेबोर्ग फ्लोरेआनिता. मुलीच्या नावातच बेटाचं नाव. ज्या हॅरीसाठी एवढा प्रवास केला, तो वडिलांबरोबर रानात राबला, मोठा झाला. १९५१ साली तो समुद्रात बुडाला. मार्ग्रेट तरीही बेट सोडून गेली नाही. हाइन्झ १९६३ मध्ये गेला, तेव्हाही नाही. रॉल्फनं पुढे बेटांमधून पर्यटकांच्या बोटी चालवल्या. लहानपणी ज्या किनाऱ्यांवर पायी भटकला, तेच त्यानं जगाला दाखवलं.

मी त्यातले थोडेच पाहिले. पुंता कॉर्मोरांतला एक पुळण हिरवट दिसते. वाळू ओंजळीत घेऊन उन्हात धरली की ऑलिव्हिन खनिजाचे बारीक हिरवे कण चमकतात. मागे खाऱ्या तळ्यात फ्लेमिंगो. त्या वाळूत मी तासभर गुडघे टेकून बसलो होतो. असं मनसोक्त बसायला मिळालेली पोरं किती भाग्यवान, एवढंच मनात येत होतं.

फ्लोरेआना म्हटलं की लोक बॅरोनेसबद्दल विचारतात, म्हणून सांगतो. ऑक्टोबर १९३२ मध्ये स्वतःला बॅरोनेस म्हणवणारी एक बाई दोन प्रियकरांसह आली, आलिशान हॉटेल काढणार म्हणाली. मार्च १९३४ मध्ये ती आणि एक प्रियकर नाहीसे झाले, ते कायमचे. दुसऱ्याचं प्रेत त्याच वर्षी मार्चेना बेटावर सापडलं. नोव्हेंबरात डॉ. रिटर खराब मांस खाऊन मेला. डोरे जर्मनीला परतली. यावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहे, २०२४ साली रॉन हॉवर्डचा 'ईडन' चित्रपटही आला. लोकांना यातच रस, हे मला खरोखर खटकतं. रिटर तत्त्वज्ञान लिहायला आला, बॅरोनेस राणी व्हायला आली. १९३४ संपेपर्यंत दोघांचाही कारभार आटोपला. विटमर घर करायला आले. त्यांनी आधी पाणी पाहिलं, मग छप्पर, मग कुंपण. किनाऱ्यावर त्या कुटुंबाचं छोटं अतिथिगृह आजही आहे. माझ्या लेखी फ्लोरेआनाची मुख्य गोष्ट ही आहे.

पण या घर करण्याची किंमत बेटानं मोजली, तीही तितक्याच आपुलकीनं सांगायला हवी. फ्लोरेआनाची मूळची महाकाय कासवं एकोणिसाव्या शतकातच संपली. देवमाशांच्या शिकारी जहाजांनी नेली, वसाहतवाल्यांनी खाल्ली. इथला खास मॉकिंगबर्ड पक्षी मोठ्या बेटावरून नाहीसा झाला आणि चॅम्पियन व गार्डनर या दोन चिमुकल्या बेटांवर तेवढा उरला. माणसाबरोबर आलेले उंदीर आणि मांजरं यांचा यात मोठा हात. वर्षानुवर्षं तयारी करून, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, २०२३ अखेर या उंदीर-मांजरांच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. जेमतेम दीडशे माणसांचं गाव अशा कामाला राजी होतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

शेवटच्या दिवशी आमची बोट पोस्ट ऑफिस बे या उपसागरात लागली. देवमाशांच्या शिकाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे पत्रांसाठी पिंप ठेवलं, त्याचा वारसा सांगणारं पिंप अजून आहे. तिकीट लागत नाही. आपण पत्र टाकायचं, आधीची पत्रं चाळायची, आपल्या गावाकडचं सापडलं तर घेऊन जायचं आणि स्वतः नेऊन द्यायचं. मी सगळा गठ्ठा चाळला. नाशिकचा पत्ता असलेलं एक कार्ड मिळालं. परत आल्यावर एका रविवारी ते देऊन आलो. दार उघडलेल्या आजोबांनी नातीचं अक्षर ओळखलं आणि कार्ड आधी देवापुढे ठेवलं.

माझंही एक कार्ड त्या पिंपात आहे, निळ्या शाईनं मराठीत लिहिलेलं, गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या पत्त्यावर. ते अजून पोहोचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी फ्लोरेआनाला गेलंच, तर पिंपात हात घालून जरूर बघा, आणि सापडलं तर घेऊन या. गडग्याच्या डाव्या हाताचं पहिलं घर.