‘पहा’ कोठे लिहावे? : डेटाबेसच्या मार्गदर्शक पुस्तिकांतील परस्परसंदर्भ

एका तालुक्यातील १०० हातपंपांची नोंद संगणकावर ठेवली आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक पंपापुढे ‘स्थिती’ असा एक रकाना आहे. त्यात ६५ पंपांपुढे ‘चालू’ व २० पंपांपुढे ‘नादुरुस्त’ अशी नोंद आहे. उरलेल्या १५ पंपांपर्यंत पाहणी करणारा कर्मचारी अद्याप पोचलेला नाही. त्यांचा रकाना रिकामा आहे. उन्हाळ्यापूर्वी दुरुस्तीचा कार्यक्रम आखावयाचा म्हणून ‘ज्यांची स्थिती चालू नाही असे सर्व पंप’ या अटीवर यादी काढण्यात येते. यादीत ३५ पंप असावयास हवेत. प्रत्यक्षात येतात २०. चालू पंपांची यादी काढावी, तर तीत ६५ येतात. म्हणजे १५ पंप दोन्ही याद्यांतून नाहीसे झाले, आणि काही चुकल्याची सूचनाही संगणकाने दिली नाही. ज्या वाड्यांवर अद्याप कोणी गेलेले नाही, नेमक्या त्याच कार्यक्रमातून सुटतात.

या घटनेत यंत्राचा दोष नाही. आयबीएम या कंपनीत काम करणाऱ्या कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या स्वरूपात माहिती ठेवण्याची पद्धत मांडली. तिच्या आधारे चेम्बरलिन व बॉइस यांनी १९७४ साली जी प्रश्नभाषा प्रसिद्ध केली, तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. या भाषेत रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. जे ठाऊक नाही ते ‘चालू’पेक्षा वेगळे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे देता येत नाही, तेही ‘ठाऊक नाही’ असेच येते. आणि निवडीची अट तर ज्या ओळींबाबत उत्तर निश्चितपणे ‘होय’ येते, तेवढ्याच ओळी ठेवते. उपाय सोपा आहे. ‘किंवा स्थितीचा रकाना रिकामा आहे’ अशी जोड अटीला द्यावी लागते, आणि ती ‘बरोबर’च्या चिन्हाने न देता ‘इज नल’ या शब्दांनी द्यावी लागते.

नियम आहे, पण दुसऱ्या प्रकरणात

हा नियम कोठेही लिहिलेला नाही, असे मात्र नाही. पोस्टग्रेएसक्यूएल ही जगभर वापरली जाणारी, विनामूल्य मिळणारी डेटाबेस प्रणाली आहे. तिची मार्गदर्शक पुस्तिका चांगल्या पुस्तिकांपैकी एक मानली जाते, आणि ते योग्यच आहे. तिच्या सातव्या प्रकरणात निवडीची अट, म्हणजे ‘व्हेअर’, समजावून दिली आहे. अटीचे उत्तर ‘असत्य’ किंवा ‘नल’ आल्यास ती ओळ गाळली जाते, हे तेथे कंसातील चार शब्दांत सांगितले आहे. परंतु नल उत्तर मुळात का येते आणि ते कसे टाळावे, याचे विवेचन नवव्या प्रकरणातील तुलनेच्या विभागात आहे. ‘या यादीत नसलेले’ अशी अट लिहिताना त्या यादीतच एखादी रिकामी नोंद असली, तर एकही ओळ हाती लागत नाही. हा इशारा त्याच प्रकरणात, पण आणखी पुढे आहे. पुस्तिकेची ही मांडणी शास्त्रीय वर्गीकरणाला धरून आहे. वाचकाची अडचण मात्र वर्गीकरण पाहून येत नाही.

मराठीपुरता एक दाखला द्यावयाचा, तर ‘कऱ्हाड’ या नावाचा देता येईल. यातील ऱ हे अक्षर संगणकात एका संकेताने लिहिता येते, तसेच साधा र आणि त्याखालील नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात; तुलनेत मात्र ती भिन्न ठरतात आणि तालुक्याच्या यादीतील काही गावे गळतात. दोन्ही रूपे एक करण्याची सोय पोस्टग्रेएसक्यूएलच्या १३ व्या आवृत्तीत, २०२० साली आली. तिचे वर्णन अक्षरमालेवरील क्रियांच्या विभागात आहे. ‘बरोबर’च्या चिन्हाने अट लिहिणारा माणूस त्या विभागात कशाला डोकावेल?

निर्देश कसा असावा

अशा ठिकाणी ‘पहा’ हा एक शब्द मोठे काम करतो. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला त्या मराठी विश्वकोशाच्या वाचकांना या शब्दाची उपयुक्तता सांगावयास नको. शासकीय पत्रव्यवहारातही आरंभी ‘संदर्भ’ देण्याचा प्रघात आहे. मात्र तेथे बहुधा केवळ क्रमांक व दिनांक असतो. त्या पत्रात काय आहे हे समजण्यासाठी धारिका शोधावी लागते. पुस्तिकेत हा दोष येऊ देऊ नये. ‘विभाग ९.२ पहा’ एवढे पुरेसे नाही. ‘रिकाम्या रकान्याच्या ओळी यादीतून का गळतात, यासाठी तुलनेचा विभाग पहा’ असे लिहिले, तर तेथे जावे की नाही हे वाचक स्वतःच ठरवू शकतो. हा निर्देश प्रकरणाच्या शेवटी दिला, तर तेथवर फारसे कोणी पोचत नाही. जेथे ‘पेक्षा वेगळे’ ही अट प्रथम शिकविली जाते, त्याच परिच्छेदात तो यावा. तुलनेच्या विभागातूनही निवडीच्या अटीकडे उलट निर्देश असावा, कारण काही वाचक सूचीवरून थेट तेथेच उतरतात.

क्रमांकांविषयी विशेष दक्षता हवी. नवी आवृत्ती निघाली, मध्ये एखादा विभाग वाढला, की पुढचे सर्व क्रमांक सरकतात आणि हाताने लिहिलेले निर्देश भलतीकडे नेतात. पोस्टग्रेएसक्यूएलची पुस्तिका डॉकबुक या पद्धतीने लिहिली जाते. तीत प्रत्येक विभागाला एक कायम खूण दिलेली असते. क्रमांक पुस्तिका तयार होताना आपोआप भरला जातो, आणि नसलेल्या खुणेकडे निर्देश केल्यास तपासणीत तो उघडकीस येतो. योग्य जागी निर्देश द्यावयाचाच राहून गेला असेल, तर ते मात्र कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

त्याचबरोबर प्रत्येक ओळीत ‘पहा’ पेरणेही इष्ट नव्हे. मग वाचक एकही पाहत नाही. कोणते ठेवावेत, याची परीक्षा लेखकाने स्वतः करू नये, कारण त्याला सर्व विभाग पाठ असतात. एखाद्या नव्या कर्मचाऱ्यापुढे १०० हातपंपांचा तक्ता ठेवावा, पुस्तिका हाती द्यावी, आणि गळालेले १५ पंप सापडेपर्यंत तो कोणत्या क्रमाने कोणती पाने उघडतो, ते टिपून घ्यावे.