पाणी ओसरल्यावरचा दवाखाना

म्हैस पट्टीची पोहणारी. पुरात ती गेली असं कळलं की आम्ही जनावरांच्या दवाखान्यातली माणसं आधी विचारतो, दावं सोडलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं. पाणी रात्री गोठ्यात शिरतं, अंधारात खुंट्यापर्यंत हात पोचत नाही आणि भिजून फुगलेली गाठ बोटांना दाद देत नाही. दावं कापलं तर म्हैस आपणहून उंचवट्याकडे निघते. नाहीतर मान वर धरून खुंट्याभोवतीच फिरत राहते, थकेपर्यंत. म्हणून पावसाळ्याआधी गावात बोलायला जाते तेव्हा लसीच्याही आधी मी हेच सांगते: जुलै-ऑगस्टात एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारा आणि गोठ्याच्या तुळईला एक विळा कायम अडकवून ठेवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हे सांगावंच लागतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, वारणा आणि दूधगंगाही याच टापूत कृष्णेत येतात. सगळ्या नद्या एकदम भरल्या की पाणी पुढे सरकत नाही, मागे पसरतं, आणि पसरलेलं पाणी दिवसेंदिवस उभं राहतं. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि औषधं, पेंड, लशीच्या पेट्या, जे काही बाहेरून यायचं ते अडकून पडलं.

बोट दारात लागली तरी माणसं घर सोडेनात. बाहेरून आलेल्या मदतकर्त्यांना तो हट्ट वाटायचा. मला तसं कधीच वाटलं नाही. दर दहा दिवसांनी हातात पडणारं दूधबिल हाच ज्या घराचा पगार आहे, त्या घरानं दोन म्हशी पाण्यात सोडून जीव वाचवायचा म्हणजे पुढचं वर्ष काढायचं कशावर? एक आजी मला म्हणाल्या, “मॅडम, आमचं काय न्हाय, आम्ही बसतो पत्र्यावर. म्हसरांचं तेवढं आधी बघा.” जनावरांची सोय झाली की त्यांची माणसं बिनबोभाट निघतात. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचे लोक २०२१ मध्ये जनावरं घेऊन वेळेत सोनतळीकडे निघाले, ते हेच कळल्यामुळे.

२०१९ ला अनेकांनी म्हशी थेट स्लॅबवर चढवल्या. चढवणं सोपं. मागे पाणी, पुढे धनी, म्हैस जिना चढते. उतरवताना मात्र ती पहिल्या पायरीवर चारही पाय रोवते. खालची पायरी तिला नीट दिसत नाही आणि सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. ओढलं तर ती गुडघ्यावर आपटते, ढकललं तर घसरते आणि कंबर मोडून घेते. आम्ही पायऱ्यांवर ओली माती आणि पाचट पसरून जिन्याचा उतार करायचो. त्यावर भिजवलेली पेंड थोड्या थोड्या अंतरावर ठेवायची, ओळखीच्या माणसानं पुढे चालायचं, दोघांनी मागे शेपटीजवळ राहायचं, आणि कुणी ओरडायचं नाही. एका म्हशीला अर्धा अर्धा तास लागायचा. एक उतरली की बाकीच्या तिच्या मागे येतात, म्हणून कळपातली सगळ्यात शांत म्हैस कोणती ते घरच्या बाईला विचारायचं. ते तिलाच माहीत असतं.

जनावरं पूरग्रस्तांच्या छावणीत आल्यावर इंजेक्शनं काढण्याची घाई करायची नाही. आधी लांबून नुसतं बघायचं. रवंथ चालू आहे का? नाकपुडी ओली आहे का? कान लोंबलेत का? मग डाव्या भकाळीत मूठ दाबून उभं राहायचं. पोट चालू असेल तर दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट उठून मुठीला ढकलते. लाट आली नाही, की मालकाला विचारायचं, काय खाल्लंय?

या प्रश्नाच्या उत्तरात छावणीतला सगळ्यात मोठा आजार सापडतो, आणि तो पुराच्या पाण्यातून आलेला नसतो. तो मदतीच्या ट्रकमधून येतो. लांबच्या गावांतून पोती भरभरून भाकऱ्या, चपात्या, तांदूळ, गव्हाचं पीठ येतं. देणाऱ्याच्या मनात माया असते. माणसांना वाटून उरलेलं उपाशी म्हशीपुढे टाकलं जातं आणि ती ते अधाशासारखं खाते. कोठीपोटातले जंतू वैरण पचवण्याच्या सवयीचे. त्यांच्यावर एकदम एवढं पिष्ट पडलं की आम्ल तयार होऊ लागतं, पोट बंद पडतं, आंबूस वासाचं पातळ शेण लागतं, डोळे खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी जनावर बसतं ते उठत नाही. पुराच्या पाण्यातून पोहून वाचलेली म्हैस शिळ्या भाकरीनं गेलेली मी पाहिली आहे. तिच्या मालकाला काय सांगायचं, हे मला आजही नीट सुचत नाही. वेळेत कळलं तर खाण्याचा सोडा पाण्यातून पाजतो, सलाईन लावतो, आणि पुष्कळ जनावरं वाचतात. पण वेळेत कळायला छावणीत रात्री कुणीतरी फिरत असावं लागतं.

म्हणून जो विचारील त्याला मी सांगते: जनावरांसाठी पाठवायचंच असेल तर कडबा पाठवा, सुका. उसाचं वाडं इथं भरपूर असतं, पण नुसत्या वाड्यावर दिवस काढले तर त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि दुभती म्हैस ढेपाळते. भिजून बुरशी धरलेली वैरण तर उपाशी जनावरालाही घालू नये. आणि औषध पाजायला मदत करणाऱ्यांना एक विनंती असते, जीभ ओढू नका, तोंड आभाळाकडे करू नका. औषध श्वासनळीत गेलं की फुप्फुसाचा दाह होतो. पुरातून आलेल्या दमलेल्या जनावराला तो झेपत नाही.

धारा काढणं हाही उपचारच. दोन दिवस पिळली नाही तर कास दगडासारखी होते. गावात त्या आजाराला ‘दगडी’च म्हणतात. छावणीत दूध घ्यायला डेअरीची गाडी येत नाही, भांडी वाहून गेलेली असतात, तरी धार काढायचीच. जे बाया-पुरुष रोज दोन्ही वेळा कास धुऊन पूर्ण धार काढत राहिले, त्यांच्या म्हशी दुधात राहिल्या. खुरांचंही तसंच. दिवसेंदिवस चिखलात उभं राहून खूर मऊ पडतात, बेचक्यात फाटतात. मोरचुदाच्या पाण्यातून चालवायचं आणि, जमेल तिथं, मुरूम टाकून कोरडी जागा करायची. कोरड्या चार हात जागेनं जेवढी जनावरं बरी होतात, तेवढी माझ्या पेटीतल्या कुठल्याही बाटलीनं होत नाहीत.

पाणी ओसरू लागलं की आमची भीती वाढते. घटसर्प म्हशींना जास्त धरतो. सकाळी चांगली असलेली म्हैस दुपारी तापानं फणफणते, घसा सुजतो, श्वास घरघरतो आणि कित्येकदा चोवीस तासांच्या आत खेळ संपतो. गाळ उपसला गेला की मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेले फऱ्याचे जंतूही वर येतात. लस दिल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे खरी लस मे महिन्यातली. छावणीत टोचतो ती उशिराची. तरी टोचतो, बर्फाच्या पेटीतून एकेक बाटली काढत, कारण पुढच्या महिन्यातही चिखल असणारच आहे.

मेलेल्या जनावरांचं काम लिहायला जड जातं. फुगलेली जनावरं उसाच्या सरीत, बांधावर, विजेच्या खांबाला अडकलेली. खोल खड्डा काढून चुना टाकून पुरायचं, पण काळ्या रानात जेसीबी रुततो आणि खड्डा काढावा तसं खालून पाणी येतं. त्याआधी कानातला बिल्ला पाहून क्रमांक लिहायचा, फोटो, पंचनामा. २०१९ मध्ये सरकारी निकषानं दुभत्या म्हशीला ३० हजार रुपये मिळायचे, एका घराला जास्तीत जास्त तीन मोठ्या दुभत्या जनावरांपुरते. नंतर हा आकडा ३७,५०० झाला. चांगली म्हैस त्या पैशात तेव्हाही येत नव्हती आणि आताही येत नाही. जिचं धूडच सापडलं नाही, तिच्यासाठी तुटलेलं दावं आणि दूध संस्थेचं पुस्तक घेऊन लोक टेबलापुढे उभे राहायचे. माझ्या मते त्या पुस्तकावरच्या नोंदी पुरेशा मानायला हव्यात. ज्या घरातून श्रावणातल्या त्या सकाळपर्यंत रोज आठ लिटर दूध जात होतं, त्या घरात म्हैस होती, याला आणखी कसला पुरावा लागतो?

मदतीचे ट्रक आठ-पंधरा दिवसांत परततात. आम्ही मात्र दिवाळीपर्यंत त्याच गावांत फिरत असतो, कारण तेव्हा गाभण म्हशी गाभडायला लागतात. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा अंगात शिरतो, जनावर वरून धडधाकट दिसतं आणि गाभणकाळाच्या उत्तरार्धात गाभ टाकतं. तोच जंतू भेगाळलेल्या टाचांमधून माणसातही जातो. पडलेला गाभ, वार उघड्या हातांनी उचलू नका, पिशवी घालून उचला, खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका, घरात कुणाला ताप आणि अंगदुखी असेल तर आजच्या आज दवाखान्यात जा, हे दारोदार सांगतो. रक्ताचे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतो. नुकसानभरपाईची यादी तोवर बंद झालेली असते. म्हैस जिवंत आहे म्हणून तिचं नाव त्यात नसतं, आणि ती पुन्हा गाभण राहून व्यायला, दुधात यायला वर्षाच्या वर जातं. तेवढे महिने ती खाते मात्र रोज. माझ्या नोंदवहीत या म्हशींचं पान मी वेगळं ठेवते, गाव, मालक, बिल्ल्याचा क्रमांक आणि गाभडल्याची तारीख, आणि दर हिवाळ्यात ते वरच्या कार्यालयाला अहवालासोबत जोडते.