स्मार्टवॉच घ्यावे का?

उसाचे बिल जमा झाले की घरची पोरं स्मार्टवॉचसाठी मागे लागतात. सभासद बंधू-भगिनींनो, आम्हाला विचाराल तर पावले मोजायला, नाडीचे ठोके बघायला, फोन आल्याचे कळायला ते कामाचे आहे. काहींत ईसीजीही निघतो. पण हृदयविकाराचा झटका त्यावर ओळखता येत नाही. छातीत कळ आली तर घड्याळ बघत बसू नये, दवाखाना गाठावा.

सुई न टोचता रक्तातली साखर सांगणाऱ्या घड्याळांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तसल्या आकड्यावर इन्सुलिन घेणे म्हणजे जिवाशी खेळ! मधुमेही सभासदाने आधी बोट टोचून साखर तपासायचे यंत्र घ्यावे. पैसे उरले तर घड्याळ आहेच.