चाकबदल आणि टायरदाब संवेदकांची सुसंगतता

भंडारा जिल्ह्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ उन्हाळ्यात अतिशय तापतो. कमी हवेचा टायर अधिक चेपला जाऊन आतूनही तापतो व फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून काही पिकअप वाहनांच्या चाकांत व्हॉल्व्हला जोडलेला दाबसंवेदक असतो. तो रेडिओलहरींद्वारे हवेचा दाब व स्वतःचा ओळखक्रमांक वाहनातील नियंत्रकाला कळवितो. त्यामुळे चाके बदलताना केवळ बोल्टांची मांडणी जुळणे पुरेसे नसते. ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारी यंत्रणा ३१५ मेगाहर्ट्‌झच्या संवेदकाचा संदेश ग्रहण करीत नाही. वारंवारता व संदेशपद्धती जुळली, तरी नवा क्रमांक नियंत्रकात नोंदवावा लागतो. अन्यथा इशारादिवा पेटलेलाच राहतो आणि दाब खरोखर उतरल्यास चालक अनभिज्ञ राहतो. रिमची रचना अनुकूल असल्यास मूळ संवेदकच नव्या चाकांत बसविणे श्रेयस्कर ठरते.