विश्लेषण : काँग्रेसने बहिष्कार टाकलेल्या १९२० च्या निवडणुकीतून काय निघाले?

मुंबई प्रांतात नोव्हेंबर १९२० मध्ये कायदे कौन्सिलची निवडणूक झाली. काँग्रेस रिंगणात नव्हती, बहुसंख्य जनतेला मत नव्हते. तरीही महाडच्या चवदार तळ्याकडे जाणारी एक वाट याच कौन्सिलातून निघाली.

मत कोणाला होते?

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार मुंबई कौन्सिलात ८६ सभासद निवडून द्यायचे होते. प्रांत सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला. खेड्यात मतदार होण्यासाठी बहुतेक जिल्ह्यांत किमान ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन लागे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात १६ रुपये. कोकणातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीला दिलेली ही सवलत! शहरात घरभाडे किंवा प्राप्तिकर पाहिला जाई. कूळ, शेतमजूर यादीबाहेरच. महिलांनाही मत नव्हते. तो निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोडला होता आणि मुंबईने तो १९२१ मध्ये घेतला.

मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. अस्पृश्यांच्या वाट्याला मात्र एकच जागा, तीही सरकारनियुक्त.

टिळकांना निवडणूक लढवायची होती?

होय. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी त्यासाठीच काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी काढली. १ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनाने गांधीजींचा असहकाराचा ठराव स्वीकारला, त्यात कौन्सिल बहिष्कारही होता. न. चिं. केळकरांसारख्या टिळकपक्षीयांना हे पटले नव्हते, पण त्यांनी शिस्त पाळली. मैदान नेमस्त आणि ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना मोकळे मिळाले.

निवडून आलेल्यांच्या हाती काय होते?

फार थोडे. कारभार द्विदल होता. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे. अर्थ, पोलीस, जमीन महसूल ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे शाळा काढायची मंत्र्याने आणि पैसे मागायचे दुसऱ्याकडे. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री झाले. १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्याच काळातला. त्याने सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला, पण अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या तिजोरीवर अडली.

मग महाडशी संबंध काय?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ही शिफारस होती, कायदा नव्हे. न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, पण प्रत्यक्षात पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. कागदावर मिळालेला हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले.

बहिष्कार चुकला का, हा प्रश्न काँग्रेसमध्येही लगेच उठला होता. १९२३ च्या निवडणुकीत चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्ष उतरला आणि केळकरही त्यात होते.