रताळं केवळ उपवासाचं नव्हे

चांदीप (ता. वसई) : आषाढी एकादशी नाहीतर महाशिवरात्र जवळ आली की रताळ्याचा भाव वधारतो. उपवास सुटला की मात्र त्याची आठवण कुणी काढीत नाही. खरे तर हे कंद रोजच्या ताटातले आहेत, आणि तेही आपल्याच परसातले.

रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांमार्फत ते आपल्याकडे आलं असं मानलं जातं. वसई तर १५३४ ते १७३९ या काळात त्यांच्याच अंमलाखाली होती. आज वसई-विरारची वस्ती पूर्वेकडे सरकते आहे. शेतं आखडली तरी चांदीपसारख्या गावात घरामागे चार वाफ्यांची जागा निघते. रताळ्याला तेवढी पुरते.

भातकापणी झाली की ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड करावी. साधारण साडेतीन ते चार महिन्यांत पीक काढणीला येते, म्हणजे महाशिवरात्रीचा बाजारही साधतो. पाणी साचणार नाही अशी भुसभुशीत जागा पाहून दोन-दोन फुटांवर वरंबे करावेत. वेलीच्या शेंड्याकडचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे घेऊन मधला भाग मातीत दाबावा, दोन्ही टोकं वर ठेवावीत. दोन तुकड्यांत वीतभर अंतर ठेवले तर दहा फुटांच्या वरंब्यावर पंधराएक वेल बसतात. मोरीचे पाणी वळवले तरी भागते. शेणखत द्यावे, पण युरियाचा हात आखडता ठेवावा. नाहीतर पाला माजतो आणि खाली कंद धरत नाहीत. वेल जागोजागी मुळ्या धरू लागले की ते उचलून उलटवावेत.

मोठा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. जमिनीला भेगा पडल्या की तो कंदापर्यंत पोचतो. म्हणून दीड-दोन महिन्यांनी मातीची भर द्यावी आणि तयार पीक जमिनीत रेंगाळू देऊ नये. एक कंद कापून पाहावा. काप सुकून पांढराच राहिला तर पीक तयार, काळपट-हिरवा पडला तर अजून थांबावे.

काढणीनंतर बहुतेक जण सगळे वेल गुरांपुढे टाकतात आणि इथेच घात होतो. उन्हाळ्यात मोरीकडेला दोन-चार वेल जगवले नाहीत, तर जूनला बेणं विकत आणावं लागतं, आणि एखाद्या वर्षी मिळतच नाही. घरची जात अशीच हातची जाते.

बेणं आणायचंच असेल तर नारिंगी गराचं आणावं. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या 'भू सोना' या जातीत १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन असते. त्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. पांढऱ्या गरात ते नगण्यच. आफ्रिकेत अशाच नारिंगी रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जव्हार-मोखाड्याचे कुपोषण पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात बेण्याची चौकशी करावी.

पोरांना उकडलेलं रताळं द्यावं, सोबत चमचाभर तेल-तूप असावं, म्हणजे ते जीवनसत्त्व अंगी लागतं. कोवळ्या शेंड्यांची भाजी करावी. थंडीत कोनफळ आणि वालाच्या शेंगांबरोबर उकडहंडीत घालावं.

चार रताळी विकायला हरकत नाही. पण पहिली पाटी घरच्या चुलीची, आणि दोन वेल पुढच्या पावसासाठी राखलेले असावेत.